कल्याणप्पांनी कॉम्प्युटरला टोचलेली लस

रोज सकाळी अंघोळ झाली, कपाळाला विभूती लावून झाली, की कल्याणप्पा बाहेरच्या खोलीत यायचे आणि कॉम्प्युटरच्या डब्यावर हाताची उलटी बाजू टेकवून क्षणभर उभे राहायचे. जनावराला ताप आहे का हे बघायला कानाच्या मुळाशी हात लावतात, तसा. मान थोडी कललेली, डोळे अर्धे मिटलेले. समाधान झालं की बायकोनं, इरम्मानं, जुन्या इरकली लुगड्याची शिवलेली झूल काढायची, चौघडी करून खुर्चीच्या पाठीवर टाकायची, आणि मगच बटण दाबायचं.

"रातभर बंद असलेल्याला ताप कुठनं येतोय?" इरम्मा ओट्यापासून विचारायची.

"बांधून ठेवलेल्यालाच येतो," ते म्हणायचे. "फिरतं जनावर सहसा आजारी पडत न्हाय."

हे उत्तर इरम्माला कधी पटलं नाही, म्हणून ती दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न विचारायची.

कल्याणप्पा उमरग्याच्या भागात गुरांच्या दवाखान्यात एकतीस वर्षं नोकरीला होते. पद व्रणोपचारकाचं. म्हणजे जखमा धुवायच्या, मलमपट्टी करायची, आणि साहेब सुई टोचत असताना जनावराचं तोंड धरून उभं राहायचं. व्रणोपचारक हा शब्द तालुक्यात कुणाच्याच जिभेवर बसेना, तेव्हा लोकांनी त्यांना डाक्टर म्हणायला सुरुवात केली. प्रत्येक माणसाला ते एकदा सांगायचे, "म्या डाक्टर न्हाय." एकदा सांगून झालं की त्या हाकेला ओ द्यायला मोकळे.

त्यांची श्रद्धा दोन गोष्टींवर होती. एक लस, आणि दुसरी देवणी गाय.

लसीचं सांगायचं तर लाळ्या-खुरकूत किंवा घटसर्पाची लस घेऊन ते गावात आले की काही लोक जनावरं ज्वारीच्या रानात दडवायचे. टोचलं की दूध आटतं, असा समज. कल्याणप्पा ताजं शेण बघत बघत रानात शिरायचे आणि लपलेली म्हैस तिच्या मालकासकट बाहेर आणायचे. "आजार झाल्यावर माझ्याकडं रडत येऊ नका, आजार व्हायच्या आधी या," हे त्यांचं भाषण इरम्माला इतकं पाठ होतं की शेजारणीला लिंबाचं लोणचं कधी घालावं हे सांगतानाही तिच्या तोंडून त्याच चालीत निघायचं.

देवणीचं थोडं वेगळं. कुठल्या गावच्या कुठल्या गाईला कुठल्या वळूपासून काय झालं, रंग कसा, तोंड दोन्ही बाजूंनी काळं का अंगभर ठिपके, हे सगळं ते वह्यांत लिहून ठेवायचे. सरकारनं सांगितलेलं नव्हतं. कुणीच सांगितलेलं नव्हतं. निवृत्तीनंतर एक दिवस ट्रंक उघडली तर तिसऱ्या वहीचा वाळवीनं भुसा केलेला. त्या दिवशी कल्याणप्पा जेवले नाहीत. पुण्याला नोकरीला असलेल्या दिग्विजयनं, त्यांच्या मुलानं, आपला जुना कॉम्प्युटर घरी आणून ठेवला, मराठी टाइप करायला शिकवलं, आणि तिथून पुढं चार वर्षं दुपारी दोन ते चार इरम्मा वह्या वाचायची आणि कल्याणप्पा एका बोटानं टाइप करायचे.

"तुगावची बांडी. तिला कालवड. पाय पांढरे."

"दम धर. पा-य. पांढ... हं, पुढं."

अशी ती फाइल झाली. नाव 'देवणी'. वह्या नंतर वाळवीच्या भीतीनं त्यांनी स्वतःच जाळल्या, हे इरम्माला कधीच पटलं नव्हतं. दिग्विजय फोनवर दर वेळी म्हणायचा, "अप्पा, पेन ड्राइव्हवर एक कॉपी काढून ठेवा." पेन ड्राइव्ह आणलाही होता. तो पाकिटातच, देव्हाऱ्याच्या कोनाड्यात, चांगला दिवस बघून फोडायचा म्हणून ठेवलेला. वर्षभरात चांगले दिवस पुष्कळ आले, पण कुठल्याच दिवशी त्यांना एवढी खात्री वाटली नाही.

अशात एका सकाळी पेंडीचे भाव बघता बघता पडदा अचानक लाल झाला. वर एक हिरवी ढाल, खाली मराठीत मजकूर. चुका होत्या, पण मराठीतच होता. तुमचा कॉम्प्युटर असुरक्षित आहे. व्हायरसचा धोका. आत्ताच संरक्षण घ्या.

दुसरा कुणी असता तर घाबरला असता, किंवा वैतागून पडदा बंद केला असता. कल्याणप्पा खूश झाले.

"इरम्मा, हे बघ. आजार व्हायच्या आधीच सांगाय लागलंय."

"कोण सांगतंय?"

"लसवाले."

त्यांनी 'होय' दाबलं, मग अजून तीन वेळा 'होय' दाबलं, आणि ढाल पडद्याच्या कोपऱ्यात येऊन बसली. बरोबर तीन आठवड्यांनी पुन्हा लाल पडदा आला. या वेळी ढालीऐवजी वाघाचं तोंड. एक लस आधीच आत असताना दुसरी कशाला, हा प्रश्न त्यांना पडला नाही. पहिल्या मात्रेनंतर बूस्टर लागतोच, आणि लोक तोच चुकवतात, म्हणून तर साथ परत येते. त्यांनी वाघही टोचून घेतला.

तेव्हापासून कॉम्प्युटरला हळूहळू गुंगी येत गेली. बटण दाबून चहा पिऊन झाला तरी पडदा उजळायचा नाही. "लसीनंतर दोन दिस जनावर जरा मलूल असतंयच," कल्याणप्पा म्हणाले. दोन दिवसांचे बारा दिवस झाले. रोज सकाळी ढाल सांगायची, एक हजार एकशे सत्तेचाळीस धोके सापडले. मग एका दिवशी तिनं विचारलं की 'देवणी' या फाइलला लागण झाली आहे, वेगळी ठेवू का?

लागण झालेलं जनावर आधी दावणीतून सोडून लांब बांधायचं, हे ज्यानं एकतीस वर्षं गावोगाव सांगितलं, तो माणूस याला नाही कसा म्हणणार? त्यांनी 'होय' दाबलं. पडद्यावरची 'देवणी' नाहीशी झाली.

दुसऱ्या दिवशी ती परत आणावी म्हणून बघितलं तर ढाल म्हणाली, आधी पूर्ण संरक्षण विकत घ्या. खाली एक फोन नंबर, आणि त्याच्या खाली उलटं चालणारं घड्याळ. अठ्ठेचाळीस तासांनी सगळ्या फायली नष्ट होतील.

नेमका त्याच दुपारी, गुरुवारी, नागप्पा आला. नागप्पाचा देवणी खोंड, बसवा, सोमवारी प्रदर्शनात जायचा होता. तीन पिढ्यांचा तारीखवार कागद दाखवला तरच शुद्ध गटात उभं करणार होते, आणि असा कागद उभ्या तालुक्यात एकाच घरातून निघत असे.

"डाक्टर, आज देताव का उद्या येऊ?"

कल्याणप्पांनी खिडकीबाहेर बघितलं. हमरस्त्यावरून एक ट्रक लांबलचक हॉर्न वाजवत हैदराबादकडं गेला.

"शनवारी या," ते म्हणाले.

नागप्पा गेल्यावर इरम्मानं हळूच विचारलं, "त्याला का न्हाय सांगितलं?"

"काय सांगू?"

रोज दोन भाकरी खाणारा नवरा त्या दिवशी अर्धीवर उठला, एवढं तिनं बघितलं. भांडी घासताना तिनं बसवाची आई आठवून पाहिली. लक्षमी. तिची आई तुगावची बांडी. बांडीची आई कोण? तिथं तिला काहीच सापडेना. चार वर्षं दुपारी तिनं त्या वह्या आपल्या तोंडानं वाचल्या होत्या, आणि आता तिच्या हातात दोनच गाई उरल्या होत्या.

शुक्रवारी सकाळी कल्याणप्पांनी त्या नंबरला फोन लावला. पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता, फार गोड.

"सर, आप के कम्प्युटर में ग्यारह सौ सैंतालीस वायरस हैं."

"सब एकच जात के हैं का अलग अलग?"

"सर, सब डेंजर हैं."

"डेंजर समझा. लक्षण क्या क्या हैं?"

"सर, आप कार्ड निकालिए. कार्ड के ऊपर सोला नंबर होंगे, वो बोलिए."

"सोला?" कल्याणप्पा म्हणाले. "हमारे इधर कान में बिल्ला रहता, उस पे बारा रहते."

"सर, कौन से कान में?"

"वैसे कोनसे भी चलता. आप के इधर क्या पद्धत हय?"

पलीकडचा माणूस आवाज चढवून पुन्हा कार्डाकडं वळला. कार्ड इरम्माच्या ज्वारीच्या डब्यात होतं आणि डब्यावर इरम्मा बसली होती.

"रोग्याला हात न लावता औषध विकणाऱ्याला माझं कार्ड मिळणार न्हाय," ती तिथूनच म्हणाली. "सांगा त्येला."

कल्याणप्पांनी फोन ठेवला. ते रागावलेले नव्हते, विचारात पडलेले होते. ते पुन्हा पडद्यासमोर जाऊन बसले, आणि तिथं नवीनच तमाशा चालू होता. ढाल सांगत होती की वाघ हा अत्यंत धोकादायक कार्यक्रम आहे, ताबडतोब काढून टाका. वाघ सांगत होता की ढाल हा अत्यंत धोकादायक कार्यक्रम आहे, ताबडतोब काढून टाका. दोघांच्या पाट्या एकमेकींवर आपटत होत्या.

"आता यातलं खरं कोण बोलतंय?" कल्याणप्पा पुटपुटले.

इरम्मा पदराला हात पुसत मागं येऊन उभी राहिली. तिनं दोन्ही पाट्या शांतपणे वाचल्या.

"मला तर दोघं बी खरंच बोलल्यासारखं वाटतंय."

कल्याणप्पांनी वळून तिच्याकडं बघितलं. मग म्हणाले, "मुरूमच्या बाजारातला वैद्य आठवतोय तुला?"

तिला आठवत होता. पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. बाजाराच्या दिवशी एक जण पडशी घेऊन झाडाखाली बसायचा आणि जनावर लांबून बघूनच आजार सांगायचा. नागप्पा आपला बैल त्याच्याकडं घेऊन गेला, हे कळल्यावर कल्याणप्पांनी त्याला भर चावडीसमोर झापलं होतं. पुढच्या बाजारी ते दवाखान्याचा वळू घेऊन गेले. धडधाकट, आठ दिवसांपूर्वीच साहेबांनी नखशिखांत तपासलेला. पाठीवर पोतं टाकलं, शिंगांना चिखल फासला आणि झाडाखाली नेऊन उभा केला. वैद्यानं बसल्या जागेवरून सांगितलं, पोटात गाठ आहे, आठवडा काढणार नाही. तो वळू पुढं नऊ वर्षं जगला.

"धडधाकट जनावर पाहिजे," कल्याणप्पा म्हणाले, आणि उठून देव्हाऱ्याकडं गेले.

कोनाड्यातला पेन ड्राइव्ह त्यांनी काढला, पाकीट फाडलं. कोरा. अजून जगाची हवाही न लागलेला. त्यांनी तो कॉम्प्युटरला लावला आणि ढालीला सांगितलं, फक्त हा तपास. हिरवी पट्टी सरसर सरकली. आठ सेकंद लागले नसतील.

एक हजार एकशे सत्तेचाळीस धोके सापडले.

"पोटात गाठ हाय म्हणं," इरम्मा म्हणाली.

कल्याणप्पा हसले. गुरुवारपासून पहिल्यांदा. मग हसू ओसरलं, आणि ते खुर्चीत जरा खाली सरकले. "म्हणजे ज्याच्यापायी नागप्पाला झापला तसलाच बैल म्या सोताच नेऊन बांधला की गं. ते बी दोन वैद्यांकडं."

त्यांनी पेन ड्राइव्ह उपसून बाजूला ठेवला, इंटरनेटची वायर ओढून काढली ("आधी वेगळं बांधायचं, हे चुकलं न्हवतं, कुणाला बांधायचं तेवढं चुकलं") आणि मुजीबला बोलावणं धाडलं. मुजीब म्हणजे हमरस्त्यावरचा कॉम्प्युटर दुरुस्तीवाला, चाळिशीचा, पोट सुटलेला. त्याच्या वडिलांच्या, वजीरभाईंच्या म्हशीचं विताना अडकलेलं रेडकू कल्याणप्पांनी सोडवलं होतं, त्यामुळं या घरचं काम म्हटलं की तो दुकानाचं शटर अर्धं ओढूनच निघायचा.

मुजीबनं पडदा बघितला आणि कपाळाला हात लावला.

"अप्पा, ये दवा नै. येच बिमारी है."

"ते कळलं आमाला," कल्याणप्पा म्हणाले. "उशिरा कळलं, पण तपासून कळलं." आणि त्यांनी पेन ड्राइव्हची हकिकत सांगितली. मुजीब ऐकत राहिला. मग म्हणाला, "पंधरा बरस हो गए दुकान को, अपने को नै सुचा ये."

"म्या त्यांची चित्रं मघाशी काढून कचऱ्यात टाकली, लगेच परत आली," कल्याणप्पा म्हणाले.

"चित्र काढून काय होतंय अप्पा. तो नुसता फोटो है. मूळ आत है."

"गोचिडीवाणी," कल्याणप्पा म्हणाले. "ओढून काढली की धड हातात येतंय, तोंड कातड्यातच राहतंय."

"बराबर. आता तोंड काढायचं."

पण त्याआधी मुजीब थांबला. ढाल काढताना तिनं वेगळी ठेवलेली फाइलही तिच्याबरोबर गेली तर? इरम्माला भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकू यायला लागला, आणि ते घड्याळ गेले चार महिने बंद होतं.

"आधी बघू, खरंच नेली का नुसती झाकली," मुजीब म्हणाला. त्यानं फायलींचा कप्पा उघडला. रिकामा. मग वरच्या पट्टीत जाऊन, लपवलेल्या गोष्टी दाखव, अशा एका चौकोनात खूण केली. रिकाम्या जागेत एक फिकट, धुक्यातून दिसावं तसं चित्र उमटलं. खाली अक्षरं होती. देवणी.

"जिथली तिथंच है," मुजीब म्हणाला. "नुसता पडदा टाकला होता. एवढं पण काम केलेलं नै त्यांनी."

फाइल उघडली. इरम्मा पुढं वाकली. तुगावची बांडी होती. बांडीची आई होती, कपिली, येणेगूरची, एक शिंग मोडकं. इरम्मानं ती ओळ ओठांतल्या ओठांत वाचली, जुन्या सवयीनं, टाइप करणाऱ्याला वेळ मिळावा इतकी सावकाश.

मग मुजीबनं कॉम्प्युटर बंद करून अगदी मोजक्या गोष्टी चालू होतील अशा रीतीनं पुन्हा सुरू केला. "याला सेफ मोड म्हणतात." त्यात ढालही उठली नाही आणि वाघही नाही. "गुंगीचं औषध," कल्याणप्पांनी इरम्माला समजावलं. कंट्रोल पॅनेलमधल्या यादीतून त्यानं दोघांना मुळातून काढलं. कॉम्प्युटर सुरू होताना आपोआप काय काय उठतं त्या यादीत वाघाचं एक पिल्लू लपलेलं निघालं, ते काढलं. ज्या पानावर लाल पडदा आला होता त्याला कल्याणप्पांनी कधीतरी निरोप पाठवायची परवानगी देऊन ठेवली होती, ती ब्राउझरमध्ये जाऊन काढून घेतली. शेवटी त्यानं कॉम्प्युटरबरोबरच आलेला, कधीच काही न मागणारा तपासणारा कार्यक्रम पूर्ण तपासणीला लावला, आणि दिग्विजयला त्याच्या फोनवरून अप्पांचे सगळे पासवर्ड बदलायला सांगितलं.

ही तपासणी अडीच तास चालली. इरम्मानं दोनदा चहा केला, एकदा चुरमुऱ्यांचा सुशीला केला. कल्याणप्पा जसजसा उशीर होईल तसतसे प्रसन्न होत होते.

"वेळ लागतोय म्हणजे अंगाला हात लावून बघतोय," ते मुजीबला म्हणाले. "सुशीला घे अजून."

शेवटी आकडा आला. तीन.

"तीन," कल्याणप्पा म्हणाले. त्यांनी मान हलवली, जुन्या, विश्वासू साहेबांचं निदान ऐकावं तशी. "तीन असू शकतात."

ते तीन काढल्यावर मुजीबनं ढालीला दाखवलेला पेन ड्राइव्ह पुसून पुन्हा कोरा केला, तपासला, आणि 'देवणी' त्यावर उतरवली. इरम्मानं तो लगेच ज्वारीच्या डब्यात टाकला, कार्डाच्या शेजारी. या वेळी चांगला दिवस कुणी बघितला नाही.

शनिवारी नागप्पा आला. कागद छापून तयार होता, तीन पिढ्या, तारखांसकट. नागप्पानं तो वाचला, घडी केली, खिशात ठेवला, आणि उठायच्या ऐवजी पाय पसरून बसला. मुजीबचं दुकान हमरस्त्यावर होतं, आणि हमरस्त्यावर गोष्टी थांबत नाहीत.

"डाक्टर, तुमचं जनावर बी झाडाखालच्या वैद्यानं बघितलं म्हणं."

इरम्मा ओट्यापाशी थबकली. आता नवरा वायरचं, लाइटचं, पुण्याच्या मुलाचं काहीतरी निमित्त सांगेल, असं तिला वाटलं.

"व्हय," कल्याणप्पा म्हणाले. "एक न्हवं, दोन वैद्यांनी. तुमच्यावर वरताण."

नागप्पाची एवढ्या सरळ उत्तराची तयारी नव्हती. पंधरा वर्षं जपून ठेवलेलं बोलणं एका वाक्यात संपलं. त्यानं कपातला चहा संपवला.

"लबाड असत्यात ओ," तो म्हणाला. "माणूस काळजीत असला की बरोबर वळकतात."

"तेच तर. मला ते तवा चावडीपुढं बोलायला पाहिजे हुतं तुमाला."

बसवा प्रदर्शनात दुसरा आला. पहिला का नाही, यावर नागप्पा आणि कल्याणप्पा पुढं दोन वर्षं एकत्र संतापत राहिले. लाल पडदा अधूनमधून कुणाच्या ना कुणाच्या घरी उगवायचा आणि लोक कल्याणप्पांना फोन करायचे. "कुठलंच बटण दाबू नको. वायर काढ. कोरा पेन ड्राइव्ह हाय का घरात?" ते विचारायचे. "म्या डाक्टर न्हाय," हेही सांगायचे, एकदाच.

कल्याणप्पा गेले त्याला आता वर्ष होईल. आजार असा नव्हता, सकाळी उठले नाहीत एवढंच. आदल्या दुपारी दोन ते चार दोघं नेहमीसारखी बसली होती. बसवापासून पहिली कालवड झाली होती, तिची ओळ लिहायची होती. इरम्मानं चिठ्ठीवरून वाचलं, त्यांनी एका बोटानं टाइप केलं, पेन ड्राइव्हवर उतरवलं, तो तिच्या हातात दिला. बटण बंद केलं. इरम्मा झूल घेऊन आली आणि पांघरायला लागली, तर त्यांनी तिचा हात अडवला, डब्यावर आपला हात उलटा टेकवला, आणि मान कलती करून क्षणभर थांबले.

"गरम हाय अजून," ते म्हणाले. "जरा दम धर, मग झाक."